मी जोखलेली नाचणी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. टेबलावर मांडायचा, बिडाचा, दोन पितळी पारड्यांचा. कोरेगावात स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बेकरी आहे. तिच्या आतल्या खोलीत पिठाच्या पोत्यांशेजारी एक ओटा आहे, तिथे माझी जागा. माझा हिरवा रंग बऱ्याच ठिकाणी उडाला आहे आणि एका पारड्याला पोचा आला आहे. पण माझी सुई अजून खोटं दाखवत नाही.

तुम्ही म्हणाल, तराजूनं कसली कथा सांगायची? त्यानं टाकलेलं जोखावं आणि गप्प बसावं. मीही आयुष्यभर तेच केलं. पण गप्प बसणाऱ्यालाही सगळं दिसत असतं. माझ्यासमोर जे घडलं ते तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण तुम्ही बिस्किटं खाता.

माझा जन्म सांगलीचा. तिथल्या एका फौंड्रीत लालभडक बीड वाळूच्या साच्यात ओतलं आणि माझी दांडी तयार झाली. मग कुणीतरी मला कानशीनं घासलं, रंग दिला, मधोमध सुई बसवली. पुढे एका दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस धूळ खात होतो. हळदीचे, गुळाचे, किराणा मालाचे दुकानदार यायचे. त्यातले काहीजण आवाज खाली आणून विचारायचे, "जरा आपल्या बाजूनं झुकणारा हाय का एखादा?"

नाथाजींनी तसं विचारलं नाही. ते नुकतेच फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. फौजेत त्यांनी बंदुकीपेक्षा कणीकच जास्त हाताळली होती. थंडीच्या मुलखात जवानांसाठी पाव भाजायचं काम त्यांच्याकडे होतं. गावी येऊन बेकरी काढायची, म्हणून ते सांगलीला तराजू बघायला आले होते. त्यांनी माझ्या दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवली, मग उजवीकडचं डावीकडे केलं आणि सुई थांबेपर्यंत वाट पाहिली.

"ह्यो बरोबर हाय," ते म्हणाले. "ह्योच द्या."

मित्रांनो, एखाद्या तराजूला यापेक्षा मोठी शाबासकी कोणती?

बेकरीतले माझे पहिले दिवस फार सुखाचे होते. पहाटे भट्टी पेटायची. पावाची कणीक, बटरची कणीक, खारीचं लोणी, सगळं माझ्यावरून जायचं. आणि आठवड्यातून एकदा नाथाजी नाचणीची बिस्किटं करायचे. नाचणी जावळीच्या डोंगरातून यायची. माझ्या एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात तपकिरी, जरा खरखरीत पीठ. जेवढी नाचणी तेवढीच गव्हाची कणीक. मग गूळ, तूप आणि चिमूटभर वेलदोडा. ती बिस्किटं दिसायला काळपट आणि दाताला जरा टणक होती. प्रवासात मोडायची. पंधरवडा उलटला की तुपाला वास यायचा, म्हणून नाथाजी ती थोडीच करायचे. लहान मुलं तोंड वाकडं करायची, पण म्हातारी माणसं चहात बुडवून आवडीनं खायची.

नाथाजींची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला मधुमेह आहे असं कळलं, की ते बिस्किटांची पिशवी मागे ओढायचे. "ह्यात गूळ हाय. तुमाला न्हाई चालायचं," असं तोंडावर सांगायचे. आलेलं गिऱ्हाईक परत जायचं. नाथाजींना त्याचं काही वाटायचं नाही.

त्यांचे एक जिवाभावाचे मित्र होते, मानसिंग. दोघं एकाच पलटणीत होते. मानसिंग कवठे महांकाळचे, कोरडवाहू शेतीतले, उंच आणि मोठ्यानं हसणारे. माजी सैनिकांच्या कामासाठी साताऱ्याला आले, की वाकडी वाट करून ते बेकरीत यायचे. तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचे आणि नाचणीची बिस्किटं खात फौजेतल्या गोष्टी सांगायचे. ते आले की आतल्या खोलीत उजेड वाढल्यासारखा वाटायचा.

एकदा ते आले आणि बिस्किटाला हात लावताना म्हणाले, "नाथा, मला साखर निघालीया गड्या."

नाथाजींनी त्यांच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं.

"आरं, एक खाऊ दे की!"

"न्हाई. माझ्या भट्टीतलं तर न्हाईच न्हाई."

मानसिंग हसले, पण त्यांचे डोळे बिस्किटाच्या बरणीवर खिळले होते. ते गेल्यावर नाथाजी बराच वेळ त्या पालथ्या डब्याकडे बघत उभे होते. मित्राच्या तोंडचा घास आपण काढला, हे त्यांना फार लागलं.

वर्षं गेली. नाथाजींना मोतीबिंदू झाला, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांना बारीक दिसेनासं झालं. मग बेकरी त्यांच्या मुलानं, जयराजनं हातात घेतली. जयराज पुण्याला खाद्यपदार्थांचं शिक्षण घेऊन आला होता. तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो, हे मी आधीच सांगतो. तो राबणारा होता. बेकरी मोठी करावी, वडिलांचं नाव दूरपर्यंत जावं, असं त्याला मनापासून वाटायचं. त्यानं मागची जागा बांधून घेतली, विजेची भट्टी आणली, पाकीट बंद करायचं यंत्र आणलं. आणि आकडे दाखवणारा एक चकचकीत विजेचा काटा आणला.

त्या दिवशी सुलाबाईंनी मला पुसलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं. सुलाबाई आमच्याकडे कणीक मळायला असायच्या. माझं काम संपलं. माझ्या पारड्यांत रिकाम्या बाटल्या, सुतळीचा गुंडा आणि गंजलेले खिळे साठायला लागले. पण ती फळी उंच होती. तिथून सगळी खोली दिसायची. आणि दुसऱ्याच्या पारड्यात पडलेलं वजनही मला नुसत्या नजरेनं कळायचं.

जयराजनं नाचणीची बिस्किटं पाकिटात घालायचं ठरवलं. त्यांना तो कुकीज म्हणायचा. सुरुवातीला माल वडिलांच्याच पद्धतीनं केला. पण पाकिटं सांगलीपर्यंत जाईतो आत चुरा व्हायचा. दुकानदार परत पाठवायचे. महिन्याभरात वास येतो, अशी तक्रार व्हायची. मुलांना खरखरीत लागतं, अशी दुसरी तक्रार. मग जयराजनं नाचणी थोडी कमी करून मैदा घातला. बिस्किट मोडायचं थांबलं. तूप काढून पामतेलाचा पांढरा गोळा आला. वास यायचा थांबला. नाचणी आणखी कमी झाली. बिस्किट फिकट दिसायला लागलं, तेव्हा एका बाटलीतून काळा रंग आला आणि ते पहिल्यापेक्षाही जास्त नाचणीसारखं दिसायला लागलं. दर वेळी बदल थोडाच असायचा. आणि दर वेळी माल जास्त खपायचा.

एक दिवस जयराज हसतमुखानं आत आला. "आण्णा," तो वडिलांना म्हणाला, "मधुमेहवाल्यांसाठी कुकीज काढतोय. साखर नाही, गूळ नाही."

नाथाजी खुर्चीतून उठले. "मानसिंगला चालंल?"

"त्यांच्यासाठीच समजा."

त्या वेळी नाथाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. जयराजनं पाकिटावर वडिलांचा फेटा बांधलेला फोटो छापला. खाली मोठी अक्षरं होती: नाथाजी हवालदारांच्या नाचणी कुकीज. एका बाजूला नाचणीची भरलेली कणसं आणि हिरव्या पट्टीत शब्द, साखर घातलेली नाही. नाथाजींना तेवढं मोठं दिसत होतं. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा वाचलं.

आता मी तुम्हाला सांगतो, त्या पाकिटात काय होतं. साखर खरोखरच नव्हती. पण साखर काढली की बिस्किटाला भरणा उरत नाही, ते खुसखुशीत होत नाही. म्हणून एका पोत्यातून पांढरी भुकटी यायची. पोत्यावर माल्टोडेक्सट्रिन असं नाव होतं. मक्याच्या पिठापासून ती करतात. जिभेला ती फारशी गोड लागत नाही. पण पोटात गेली, की पाहता पाहता तिची साखर होते आणि रक्तात उतरते. गोडीसाठी दुसऱ्या एका डबीतली चिमूटभर पूड पुरायची. म्हणजे जिभेला गोड लागायचं ते वेगळं आणि रक्तात साखर चढवायचं ते वेगळं. खाणाऱ्याला यातलं काहीच कळायचं नाही.

जयराजची बायको शिवांजली. ती मूळची कुंडलची, शाळेत विज्ञान शिकवत होती. लग्नानंतर पाकिटं भरायच्या कामावर ती लक्ष ठेवायची. छापून आलेलं पहिलं पाकीट तिनं उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचत ती उभी राहिली.

"आवं, पुढं नाचणी एवढी मोठी आणि मागं शंभरात चारच?"

"लिहिलंय ना? मग झालं."

"आणि ही भुकटी? साखरेच्या माणसाला ही कशी चालेल?"

"खोटं एक अक्षर नाही त्यात, शिवांजली. साखर घातलेली नाही, असं लिहिलंय. घातलीय का आपण? सगळा माल नियमात बसतो."

"पण माणूस पुढचं वाचून घेतो."

जयराज वळून दाराकडे गेला. बाहेर टेम्पो उभा होता आणि खोकी चढवायची होती. शिवांजलीनं पाकीट खाली ठेवलं. त्या दिवसापासून ती घरात कुणाला त्या कुकीज देत नसे. पण सासऱ्यांना काही सांगायचा तिला धीर झाला नाही. त्यांचा तो आनंद तिनंही पाहिला होता.

पहिलं खोकं नाथाजींनी स्वतः एसटीत ठेवून कवठे महांकाळला पाठवलं. फोनवर ते मोठ्यानं सांगत होते, "खा बिनघोर! माझा फोटू हाय त्याच्यावर. माझा शब्द हाय."

मानसिंगनी तो शब्द खाल्ला, मित्रांनो. सकाळी चहाबरोबर, दुपारी भूक लागली की, रात्री जेवणाऐवजीसुद्धा. पाकिटाच्या पाठीवरचे आकडे फक्त दोन कुकीजचे होते, म्हणून ते लहान दिसत होते. पण आपल्या मित्रानं पाठवलेलं पाकीट फोडल्यावर दोन खाऊन कोण थांबतं? मानसिंग एका बैठकीत पाकीट संपवायचे. त्यांना वाटायचं, आपण पथ्य पाळतोय.

पुढच्या उन्हाळ्यात ते बेकरीत आले, तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आली होती. पायात चप्पल नव्हती, एका पावलाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून पिवळं पाणी झिरपत होतं. ते पालथ्या डब्यावर बसले. बसताना हातानं डबा चाचपावा लागला.

"चप्पल चावली हुती," ते म्हणाले. "एवढीशी जखम. पर भरंना बघ. डॉक्टर म्हनतोय साखर लय वाढलीया. घरातल्यांना इचारतोय, म्हातारा चोरून काय खातोय? नाथा, तुझी बिस्किटं सोडली तर गोडाचा कण न्हाई माझ्या तोंडात."

नाथाजींचा चेहरा कठोर झाला. आपल्या बिस्किटाचं नाव या दुखण्याला जोडलं जातंय, हे त्यांना सहन झालं नाही.

"मग दुसरं कायतरी खात असशील."

"न्हाई रं."

"मला नगं सांगू. फौजेत बी तू साखरेचा डबा हुडकायचास. खोटं बोलून पाय बरा हुनार हाय व्हय?"

मानसिंगनी पायाचं फडकं घट्ट केलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते उठले. "तुझी शपत घिऊन सांगतो," एवढंच बोलले आणि लंगडत बाहेर पडले. निघताना जयराजनं त्यांच्या पिशवीत चार पाकिटं घातली. प्रेमानं घातली. ती पिशवीत पडतानाचा आवाज मी ऐकला. मला बोलता येत असतं, तर मी तेव्हा ओरडलो असतो. पण तराजूला फक्त झुकता येतं, तेही कुणी पारड्यात काही घातलं तर.

दोघांचं बोलणं बंद झालं. पावसाळ्यात एका दुपारी फोन आला. मानसिंगच्या घरून होता. सांगलीच्या दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला होता आणि आता त्यांना घरी आणलं होतं.

नाथाजी फोन हातात धरून तसेच बसले. "ऐकलं न्हाई त्यानं," ते पुटपुटले. "चोरून खात ऱ्हायला."

शिवांजली दारात उभी होती. ती आत आली आणि सासऱ्यांसमोर खाली बसली. तिच्या हातात एक पाकीट होतं.

"मामा, मानसिंगकाका खोटं बोलले न्हाईत."

"म्हंजी?"

"ह्या पाकिटाच्या मागं लिहिलंय ते मी वाचते. तुमाला दिसत न्हाई म्हणून आजवर कुणी वाचून दाखवलं न्हाई. माझंच चुकलं." तिनं पाकीट उजेडाकडे धरलं. "जे सगळ्यांत जास्त घातलंय त्याचं नाव पहिलं लिहितात, मामा. पहिलं नाव मैद्याचं हाय. दुसरं ह्या भुकटीचं, जी पोटात जाऊन साखर होते. तिसरं पामतेल. नाचणी शेवटाकडं हाय. खाली आकडे हायत. साखरेपुढं शून्य लिहिलंय. पण त्याच्या वरच्या ओळीत दोन बिस्किटांतली कर्बोदकं लिहिलीत, मी हिशोब केला तर ती शंभरात पंच्याहत्तर भरतात. रक्तात साखर चढते ती त्यांनी. शून्याकडं बघून काकांनी खाल्लं असणार."

"कागुद काय बी बोलतो," नाथाजी म्हणाले. त्यांचा आवाज मात्र फाटला होता. "जयराजला बोलीव. आन् माझा काटा काढ खाली."

सुलाबाईंनी मला फळीवरून उतरवलं. खिळे, सुतळी, बाटल्या बाजूला झाल्या. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा ओट्यावर आलो. जयराज आला तेव्हा नाथाजी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि त्यांची बोटं माझ्या पारड्याच्या कडेवर होती.

"एक घाणा जोख," ते म्हणाले. "रोज करतोस तसाच. मला आकडं दिसत न्हाईत. मी हात लावून बसतो."

"आण्णा, आत्ता कशाला..."

"जोख म्हनतोय."

जयराजनं पहिलं पारडं भरलं. नाथाजींनी बोटं पिठात घातली. मऊ, गुळगुळीत. "मैदा," ते म्हणाले. दुसरं पारडंही मैद्याचंच. तिसरंही. चौथंही. मग तेलाचा पांढरा गोळा पडला आणि माझी दांडी दाणकन खाली गेली. मग पोत्यातली भुकटी आली, एक पारडं, आणखी एक. नाथाजींनी तिची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. सुलाबाईंचे मळणारे हात थांबले होते. माझी पारडी खालीवर होत राहिली.

शेवटी जयराजनं नाचणीचा डबा उघडला. माझ्या पारड्यात एक मूठ पीठ पडलं. मी जेमतेम हललो.

नाथाजी पुढच्या पारड्याची वाट बघत बोटं टेकवून बसले. पुढचं पारडं आलं नाही.

"झालं?"

"झालं, आण्णा."

"येवढी पाखरास्नी टाकत्यात, जयराज."

जयराजचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आण्णा, सगळेच असं करतात. दुकानात जाऊन कुठलंही पाकीट उलटं करून बघा."

"करत असत्याल." नाथाजींनी बोटं माझ्या पारड्यावरून उचलली आणि धोतराला पुसली. "पर सगळ्यांनी मानसिंगला शब्द दिल्याला न्हवता. मी दिल्याला. आन् वर त्यालाच खोटं पाडलं."

दुसऱ्या दिवशी बापलेक कवठे महांकाळला गेले. मी तिथे नव्हतो. परत आल्यावर जयराजनं याच ओट्याशी उभं राहून शिवांजलीला जे सांगितलं, तेवढंच मला माहीत आहे. मानसिंग खाटेवर होते. जयराज पाया पडायला वाकला आणि त्याच्या हाताला एकच पाऊल लागलं. तो तसाच वाकलेला राहिला. नाथाजींनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मानसिंग छताकडे बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "पायाचं दुखनं सोसंल नाथा. पर तू मला चोर म्हनलास. त्ये सोसंना झालतं."

नाथाजींनी त्यांचा हात धरला. मानसिंगनी तो सोडवून घेतला नाही. पण दाबलाही नाही.

"आणि अजून एक," जयराज म्हणाला. इथे त्याचा आवाज अगदी खाली गेला. "खाटेखाली खोकं होतं. अर्धं रिकामं. काका दवाखान्यात होते, मग कोण खात होतं? त्यांची नातवंडं, शिवांजली. आजोबाचं औषधी बिस्किट म्हणून रोज शाळेच्या डब्यात नेत होती. त्यातला एक मुलगा माझ्यासमोर तेच खात उभा होता. पाकिटावर आण्णांचा फोटो."

त्या आठवड्यात जयराजनं यंत्र बंद केलं. तो दुकानदारांना फोन करत सुटला. माल परत पाठवा, विकू नका. काहींनी पाठवला. काहीजण म्हणाले, चांगला खपतोय, कशाला परत? काहींचा माल पुढच्या दुकानदाराकडे गेला होता, तिथून आणखी पुढे. मेडिकलच्या काचेत, जत्रेतल्या पालात, आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांच्या पिशव्यांत. एकदा हातातून सुटलेला माल किती लांब जातो, हे जयराजला तेव्हा कळलं.

परत आलेली खोकी माझ्याशेजारच्या भिंतीला लावून ठेवली होती. उरलेला पावसाळा गेला, थंडी गेली. खोलीत ओल आली, पोत्यांना बुरा लागला. एके दिवशी शिवांजलीनं सहज एक पाकीट फोडलं. आतली कुकी कालच भाजल्यासारखी होती. कुरकुरीत, खमंग, नाचणीच्या रंगाची. तिला कसला वास नव्हता, डाग नव्हता. शिवांजलीनं ती घाईघाईनं खाली टाकली आणि हात धुतले.

आता बेकरी पुन्हा लहान झाली आहे. पाव, खारी, बटर आणि थोडी मोडकी, काळपट नाचणीची बिस्किटं. ती माझ्यावरच जोखली जातात. जयराज स्वतः जोखतो. नाथाजी आता गल्ल्यावर बसत नाहीत. महिन्यातून एकदा एसटीनं कवठे महांकाळला जातात आणि संध्याकाळी परत येतात. दोघं काय बोलतात, बोलतात की नुसते बसतात, ते कुणाला सांगत नाहीत.

यंत्र मात्र जयराजनं विकलं. ते कुठल्या तरी दुसऱ्या गावी गेलं. मध्यंतरी सुलाबाईंनी बाजारातून एक नवं पाकीट आणून ओट्यावर ठेवलं. त्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हसरा फोटो होता आणि तशीच भरलेली कणसं. शिवांजलीनं ते उलटं केलं. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी पडली, आणि तिनं ते जयराजपुढे सरकवलं.

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. पाकिटाचं तोंड बघून भुलू नका, त्याची पाठ वाचा. पहिलं नाव कशाचं आहे ते बघा, कारण तुमच्या पोटात तेच सगळ्यांत जास्त जाणार आहे. आकडे दोन बिस्किटांचे आहेत की शंभर ग्रॅमचे, ते बघा. साखरेपुढे शून्य असेल, तर त्याच्या आसपासच्या ओळीही वाचा. आणि घरात ज्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, त्या आजीआजोबांना मोठ्यानं वाचून दाखवा. उद्या बघू म्हणून ठेवू नका.

कारण जयराजला सगळी खोकी मिळाली नाहीत. किती राहिली, कुठे राहिली, कुणालाच ठाऊक नाही. ती कुणाच्या तरी कपाटात असतील, कुणाच्या उशाशी असतील, एखाद्या शाळेच्या डब्यात असतील. त्यांच्यावर छापलेली तारीख अजून उलटलेली नाही. ती अजून कुरकुरीत आहेत.